‘लिहून घेणार’ : पुण्यातले घर आणि एक रकाना



आजकाल स्वाध्याय संपला की मंदिराच्या पायऱ्यांवर घराचा विषय निघतोच. कुणाचा मुलगा वाकडला फ्लॅट बघतो आहे, कुणाची लेक खराडीला, तर कुणाला आंबेगावच्या पुढे बजेटात बसणारे काही मिळते का याची चौकशी करायची आहे. आपल्या बायकांचे प्रश्न ठरलेले असतात. मंदिर चालत जाण्याच्या अंतरावर आहे का? ऑफिसातून निघून सूर्यास्ताच्या आत घरी पोचता येईल का, की डबा दोन वेळचा द्यावा लागेल? मुनीसंघ आला तर चौक्याला विहिरीचे किंवा बोअरचे पाणी मिळेल का? स्वयंपाकघरात दिवसाचा उजेड येतो का?

हे सगळे प्रश्न योग्यच आहेत. पण एक प्रश्न मी फारसा ऐकला नाही, तो म्हणजे घर कुणाच्या नावावर होणार?

खरेदीच्या दस्तात दोन पक्ष असतात, ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’. नोंदणी झाल्यावर मिळणाऱ्या इंडेक्स टूवरही हेच दोन रकाने असतात. पुण्यात घर घेण्याची पद्धत गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत कशी बदलत गेली, कोणता कायदा कशामुळे आला आणि या सगळ्यात ‘लिहून घेणार’च्या रकान्यात बाईचे नाव केव्हा व कसे आले, हे आज सांगायचे आहे. मी वाणिज्य शाखेची, त्यामुळे मला इतिहास वाचतानाही जमाखर्चच दिसतो. तो तसाच मांडते.

वाडा, बिऱ्हाड आणि पागडी

स्वातंत्र्याच्या सुमाराला पुण्यातला मध्यमवर्ग घर विकत घेत नसे, बिऱ्हाड करत असे. पेठांमधल्या वाड्यांत दोन खोल्या, सामाईक नळ, चौकात तुळस आणि जिन्याखाली कोळसा. व्यापारी जैन घरे रविवार, गुरुवार, नाना, भवानी अशा पेठांत, दुकानाच्या आणि मंदिर-स्थानकाच्या आसऱ्याने राहत. सांगली-कोल्हापूरकडून येणारे आपले लोक बहुतेक शेतकरी घरातले. त्यांच्या दृष्टीने घर गावाकडे असायचे आणि पुण्यात असायची ती खोली.

१९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला धरून ठेवले. युद्धाच्या महागाईत भाडेकरूला तो मोठा आधार होता. पण भाडे गोठले तशी मालकाची वाडा दुरुस्त करायची इच्छाही गोठली आणि नवी घरे भाड्याने बांधण्यात कुणाला फायदा उरला नाही. जुने बिऱ्हाड सोडताना आणि नवे मिळवताना हातावर रोख ‘पागडी’ टेकवावी लागे. ती त्या कायद्याने गुन्हा होती, तरी सर्रास चाले. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने ती पुढे कायदेशीर केली. म्हणजे कित्येक वर्षे लोकांनी आपली पुंजी अशा व्यवहारात घातली ज्याची पावतीसुद्धा मागता येत नव्हती.

भाडेपावतीवर नाव घरच्या कर्त्या पुरुषाचे. तो गेला की सोबत राहणाऱ्या कुटुंबीयांकडे भाडेहक्क येई, त्यामुळे विधवेला डोक्यावर छप्पर मिळे. पण ते छप्पर तिचे नव्हते, वाडा मालकाचा होता. बाईच्या नावाचा प्रश्न त्या काळी उठलाच नाही, कारण घरातल्या पुरुषाच्या नावावरही काही नव्हते.

पूर, सहकार आणि ‘ओनरशिप’

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि खडकवासल्याचाही बांध गेला. नदीकाठच्या पेठांतले मातीचे वाडे पाण्यात विरघळल्यासारखे बसले. हजारो कुटुंबांची बिऱ्हाडे एका दिवसात मोडली. पुनर्वसनासाठी गोखलेनगरसारख्या वसाहती उभ्या राहिल्या आणि पर्वतीच्या पायथ्याच्या बाजूला सहकारनगरात पूरग्रस्तांच्या सहकारी गृहरचना संस्था झाल्या. जन्मभर भाडेकरू राहिलेली माणसे नाइलाजाने का होईना, संस्थेची सभासद झाली.

सहकारी संस्थांचा १९६० चा नवा कायदा तेव्हा ताजाच होता. संस्थेत जमीन आणि इमारत संस्थेची, सभासदाला भाग-दाखला आणि राहण्याचा हक्क, अशी रचना. दहा-वीस ओळखीची माणसे एकत्र येऊन जागा घेत आणि बांधत. व्यापाऱ्यांच्या बाबतीत बाजारानेही घर हलवले. पेठांतला घाऊक भुसार बाजार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला, तशी आपली कितीतरी कुटुंबे बिबवेवाडी, सातारा रस्ता, सॅलिसबरी पार्क या बाजूला सरकली आणि त्यांच्यामागून मंदिरे व स्थानकेही तिकडे उभी राहिली.

पण प्रत्येकाला संस्था काढून बांधणे जमत नव्हते. मधे बिल्डर आला. तो जागा घेई, इमारत बांधी आणि ‘ओनरशिपचे ब्लॉक’ विके. इथे फसवणुकीला भरपूर वाव होता. नकाशा एक, बांधकाम दुसरेच. एकच ब्लॉक दोघांना विकलेला. घेतलेले पैसे दुसऱ्याच जागेत गुंतवलेले. हे थांबवण्यासाठी १९६३ मध्ये महाराष्ट्राने मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा केला. आपण त्याला ‘मोफा’ म्हणतो. किमतीच्या २० टक्क्यांहून जास्त आगाऊ रक्कम घेण्याआधी लेखी करार करून तो नोंदवायचा, जमिनीचा हक्क आणि मंजूर नकाशे दाखवायचे, खरेदीदारांची संस्था स्थापन करायची आणि शेवटी जमीन-इमारत त्या संस्थेच्या नावे करून द्यायची, ही बंधने त्यात होती.

शेवटचे बंधन कितीतरी ठिकाणी कागदावरच राहिले. लोक वीस-वीस वर्षे ‘आपल्या’ घरात राहिले आणि खालची जमीन मूळ मालकाच्या नावावर तशीच होती. त्यासाठी २००८ मध्ये मोफात दुरुस्ती होऊन ‘मानीव अभिहस्तांतरण’ आले. बिल्डर करून देत नसेल तर संस्थेने सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन जमीन आपल्या नावे करून घ्यायची. आपल्या सोसायटीचे अभिहस्तांतरण झाले आहे का, हे पुढच्या सर्वसाधारण सभेत जरूर विचारा. पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली की सगळे याच कागदावर अडते.

१९७० मध्ये अपार्टमेंटचा वेगळा कायदा आला. त्यात सदनिका आणि जमिनीतला अविभक्त हिस्सा थेट खरेदीदाराच्या नावे होतो. पुण्यात दोन्ही प्रकार आहेत, पण वीस वर्षे राहूनही आपली इमारत सोसायटी आहे की अपार्टमेंट हे कित्येकींना सांगता येत नाही.

पाटल्यांचे घर

१९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने पुण्यात एका व्यक्तीकडे १००० चौरस मीटरपर्यंतच मोकळी जागा राहील असे ठरवले. हेतू चांगला होता, गरिबांना घरे मिळावीत. प्रत्यक्षात कितीतरी जमीन सूट, खटले आणि फाइलींत अडकली आणि जी मोकळी होती तिचा भाव चढला. महाराष्ट्रात तो कायदा २००७ मध्ये रद्द झाला. दरम्यान ज्यांना मंजूर इमारतीतला ब्लॉक परवडत नव्हता, ते शहराच्या कडेला शेतजमिनीचा गुंठा-दोन गुंठे घेऊन बांधू लागले. सात-बारावर सामाईकात नाव, बिगरशेती परवानगी नाही, नकाशा मंजूर नाही. ही ‘गुंठेवारी’ पुण्यात, सांगलीत आणि सगळीकडेच इतकी वाढली की २००१ मध्ये ती नियमित करण्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला.

पैसा कुठून येई? भविष्यनिर्वाह निधी, एलआयसीचे कर्ज, पतसंस्था, गावाकडच्या जमिनीचा तुकडा आणि घरातले सोने. हसमुखभाई पारेख यांनी १९७७ मध्ये एचडीएफसी स्थापन केली, तेव्हा सामान्य पगारदाराला लांब मुदतीचे घरकर्ज ही आपल्याकडे नवलाईच होती. कर्ज मिळाले तरी पहिली रक्कम पदरची लागे. ती बहुतेक घरांत बाईच्या अंगावरून आली.

आमचा पहिला ब्लॉक १९८० च्या दशकातला. त्यात माझ्या माहेरच्या चार पाटल्या आणि एक गोफ गेला. करारावर नाव एकट्या यजमानांचे. त्यात कुणाचा दुष्टावा नव्हता. वकिलांनी विचारले नाही, सासऱ्यांना सुचले नाही, तो रिवाजच होता. माझ्या वयाच्या मैत्रिणींना विचारले तर दहातल्या आठ जणी हेच सांगतात, फक्त दागिन्याचे नाव बदलते.

आता वाणिज्य शाखेच्या नजरेने बघा. वहीखात्यात डेबिटला आपण ‘नावे’ म्हणतो. एका खात्यातून रक्कम गेली की ती दुसऱ्या कुणाच्या तरी नावे पडलीच पाहिजे, नाहीतर ताळा जुळत नाही. स्त्रीधन कायद्याने बाईचे स्वतःचे. ते तिच्या खात्यातून गेले, त्याचे घर झाले आणि घर पडले दुसऱ्याच्या नावे. मधली नोंद कुठेच नाही. ना उसनवार, ना बक्षीस, ना भागीदारी. एखाद्या दुकानाच्या वहीत असे दिसले असते तर हिशेब तपासनिसाने लाल शाईने खूण केली असती. घराच्या वहीत ती कुणी केली नाही.

आणि हे नुसते मानापमानाचे नाही. माझ्या माहितीतल्या एका भगिनीचे यजमान मृत्युपत्र न करता गेले. घर एकट्या त्यांच्या नावावर. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात पत्नी, मुलगे, मुली आणि आई हे पहिल्या वर्गाचे वारस आहेत आणि सगळ्यांचा हिस्सा सारखा. घरात सासूबाई, एक मुलगा, एक मुलगी. म्हणजे चार वारस आणि बायकोला पाव हिस्सा. घर ८० लाखांचे धरले तर तिचे २० लाख. तेच घर दोघांच्या नावे निम्मे-निम्मे असते तर तिचे स्वतःचे ४० लाख आणि पतीच्या अर्ध्यातला पाव हिस्सा १० लाख, एकूण ५० लाख. त्याच भिंती, तोच संसार, तेच सोने. दस्तावर एक नाव जास्त लिहिण्याची किंमत ३० लाख! त्या भगिनीला पुढे घर विकून लहान घ्यायचे होते, तेव्हा प्रत्येक कागदासाठी सगळ्यांच्या सह्यांची वाट बघत बसावे लागले.

शहर वाढले, नाव जोडले गेले

१९५१ मध्ये पुणे महापालिकेच्या हद्दीत पाच लाखांहूनही कमी माणसे होती. १९९१ ला सुमारे १५.७ लाख, २००१ ला २५.४ लाख आणि २०११ ला ३१.२ लाख. पिंपरी-चिंचवडची १७ लाखांवरची वस्ती वेगळी. १९९७ ला आजूबाजूची गावे हद्दीत आली, २०१७ ला ११ आणि २०२१ ला आणखी २३ गावे आली. हिंजवडीचे आयटी पार्क झाले आणि औंध, बाणेर, वाकड हे शेतांचे पट्टे दहा-पंधरा वर्षांत इमारतींनी भरले.

या वाढीत ‘लिहून घेणार’चा रकानाही बदलला. सून नोकरी करू लागली. दोघांचा पगार धरल्याशिवाय कर्जाची रक्कम पुरेना, म्हणून बँकेने तिला सहकर्जदार केले. सहकर्जदार आहे तर सहमालक असू दे, म्हणून करारात नाव आले. घर दोघांच्या मालकीचे आणि कर्जही दोघांचे असेल तर दोघांना प्राप्तिकरात व्याजाची वजावट मिळते, हे सनदी लेखापालांनी सांगितले आणि मग नाव घालण्याची घाईच झाली. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात केवळ महिलेच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ८० लाखांच्या घराला ८० हजार. सुरुवातीला असे घर १५ वर्षे पुरुषाला विकता येणार नाही अशी अट होती, ती २०२३ मध्ये काढली.

म्हणजे बघा, बाईचे नाव दस्तावर न्यायाच्या विचाराने आले नाही, हिशेबाने आले. मला त्यात काही वावगे वाटत नाही. पण जे हिशेबाने आले ते नोकरी करणाऱ्या सुनेपर्यंतच पोचले. जी घरी राहिली, जिने म्हातारी माणसे सांभाळली, तिचा पगार नव्हता म्हणून तिचे नावही नव्हते.

गावात मात्र वेगळे घडले होते. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढली आणि शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीतला हिस्सा राजीखुशीने बायकोच्या नावे केला. १९९२ मध्ये सरकारने सात-बारावर पत्नीचे नाव लावणे सोपे केले. २००३ मध्ये ग्रामविकास विभागाने ‘घर दोघांचे’ म्हणून गावातल्या घराची नोंद पती-पत्नी दोघांच्या नावे करायला सांगितले. आपल्या सांगली-कोल्हापूरकडच्या भगिनींना हे आठवत असेल. शेतात राबणाऱ्या बाईच्या घामाची नोंद घ्यावी हे गावाला पटले. शहरातल्या फ्लॅटमध्ये राबणारीसाठी अशी मोहीम निघाली नाही.

आपल्या समाजातला विसरलेला निकाल

आता एक गोष्ट सांगते जी आपल्या बहुतेक भगिनींना ठाऊक नसते. इंग्रज अमलात जैनांना कोणता वारसा कायदा लावायचा हा वाद कोर्टात वारंवार येई. १८७३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने भगवानदास तेजमल विरुद्ध राजमल या खटल्यात म्हटले की वेगळा रिवाज सिद्ध होत नाही तोवर जैनांना हिंदू कायदाच लागेल. पण १८७८ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने शिवसिंह राय विरुद्ध दाखो या मेरठकडच्या अग्रवाल जैनांच्या खटल्यात त्यांचा रिवाज मान्य केला. निपुत्रिक जैन विधवा पतीच्या स्वकष्टार्जित मालमत्तेची पूर्ण मालकीण होते आणि त्याची परवानगी नसतानाही दत्तक घेऊ शकते, असा तो निकाल. त्या काळच्या हिंदू कायद्यात विधवेला फक्त हयातीपुरता मर्यादित हक्क असे, विकायचा अधिकार नसे. अशा दिवसांत दाखो नावाची एक जैन बाई थेट लंडनपर्यंत लढली आणि जिंकली. बॅरिस्टर चंपतराय जैन यांनी १९२६ मध्ये ‘जैन लॉ’ या ग्रंथात आपल्या परंपरेतले असे नियम एकत्र केले, त्यातही पत्नीचे स्थान वरचे आहे.

१९५६ चा हिंदू वारसा कायदा जैनांनाही लागू झाला आणि त्याच्या कलम १४ ने सगळ्याच स्त्रियांची मालकी पूर्ण झाली. तरी घराच्या बाबतीत एक खुंटी शिल्लक होती, कलम २३. कुटुंब राहते ते घर मुलगे वाटून घेईपर्यंत मुलीला आपला हिस्सा वेगळा मागता येत नसे. राहण्याचा हक्क होता, पण तोही अविवाहित, टाकलेली, विभक्त किंवा विधवा असेल तरच. म्हणजे घरात जागा हवी तर आधी नशिबाने फटका द्यायला हवा! २००५ च्या दुरुस्तीने हे कलम गेले. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क दिला होता, पण तोवर लग्न झालेल्या मुली वगळून. २००५ ने तो देशभर सर्व मुलींना दिला आणि ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की २००५ ला वडील हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क जन्मापासूनचा आहे.

परिग्रहाचे परिमाण घ्यायचे तर

काही भगिनी म्हणतात, “आपण तर अपरिग्रह मानणारे, नावाचा मोह कशाला?” या प्रश्नाला मी आदराने उत्तर देते.

श्रावकाच्या पाचव्या अणुव्रतात बाह्य परिग्रहाचे दहा प्रकार सांगितले आहेत. त्यात पहिले क्षेत्र, म्हणजे जमीन, आणि दुसरे वास्तू, म्हणजे घर. सोने-नाणे त्यानंतर येते. व्रत काय सांगते? परिमाण करा. आपले किती ते मोजा, मर्यादा ठरवा, वरचे सोडा. मोजण्यासाठी आधी आपले म्हणून काही असावे लागते. जिच्या नावावर एक वीटही नाही तिने परिमाण कशाचे घ्यायचे? तिच्याकडे काही नाही ही तिची परिस्थिती आहे, तो तिचा त्याग नव्हे. त्याग ही मालकाने करायची गोष्ट आहे.

आपला इतिहासही हेच सांगतो. मथुरेच्या कंकाली टिळ्यावर सापडलेल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या जैन शिलालेखांत प्रतिमा आणि आयागपट अर्पण करणाऱ्यांत कितीतरी श्राविका आहेत, स्वतःच्या नावाने. दानचिंतामणी अत्तिमब्बेने अकराव्या शतकाच्या आरंभी लक्कुंडीला ब्रह्मजिनालय बांधले आणि पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या हजार प्रती लिहवून वाटल्या असे परंपरा सांगते. होयसळ राणी शांतलादेवीने बाराव्या शतकात श्रवणबेळगोळला बस्ती बांधली आणि तिच्या पूजेसाठी गाव दान दिले. या बायकांच्या हातात काही होते, म्हणून त्या दान देऊ शकल्या आणि म्हणून त्यांची नावे दगडावर राहिली.

परिमाणाची दुसरी बाजूही आहे. राहायला एक घर पुरते. भाव वाढेल म्हणून दुसरे, तिसरे घेऊन कुलूप लावून ठेवायचे आणि शेजारी कुणाला भाड्याचीही खोली परवडू नये, हे मात्र वास्तूचे परिमाण ओलांडणे झाले. नाव मागताना हेही आपण लक्षात ठेवले पाहिजे.

आज घर बघताना

२०१६ चा केंद्राचा रेरा कायदा आणि १ मे २०१७ पासून सुरू झालेले महारेरा यांनी १९६३ ची अर्धी राहिलेली गोष्ट पुढे नेली. आता करार नोंदवण्याआधी १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. खरेदीदारांच्या पैशांतले ७० टक्के त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. क्षेत्रफळ कार्पेटमध्येच सांगावे लागते. ताबा लांबला तर व्याज आहे आणि ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो दुरुस्त करून देणे बिल्डरवर बंधनकारक आहे. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा क्रमांक टाकला की मंजुरी, जमिनीचा हक्क, चालू खटले सगळे दिसते. मोबाइलवर पंचांग बघता येते तर हेही बघता येईल.

नावाच्या बाबतीत मात्र पुढच्या गोष्टी घरात बसून बोलून घ्याव्यात.

करारातच दोघांची नावे ‘लिहून घेणार’ म्हणून असावीत आणि कुणाचा किती हिस्सा ते आकड्यात लिहावे.

सोसायटीच्या नामनिर्देशनात नाव आहे म्हणजे घर आपले, असे समजू नये. नॉमिनी सांभाळणारा, मालकी वारसांची. तसेच भाग-दाखल्यावर सहयोगी सभासद म्हणून दुसरे नाव असले तरी खरेदीच्या दस्तात नाव नसेल तर मालकी येत नाही.

घर आधीच एकाच्या नावावर असेल तर महाराष्ट्रात पती-पत्नीत राहत्या घराचे किंवा त्यातल्या हिश्शाचे बक्षीसपत्र २०० रुपयांच्या मुद्रांक शुल्कात होते. शहरातला उपकर आणि नोंदणी फी वेगळी. कर्ज चालू असेल तर बँकेची संमती लागते.

आणि नाव आले की मृत्युपत्र करा. मृत्युपत्र न करता स्त्री गेली तर तिची मिळकत आधी मुले आणि पती यांच्याकडे जाते. ते नसतील तर पतीच्या वारसांकडे जाते आणि त्यानंतर तिच्या आई-वडिलांकडे. मुले नसलेल्या विधवेने माहेरच्या सोन्यावर घेतलेले घर तिच्या आईला सोडून दिराकडे जाऊ शकते, हे अनेकींना माहीत नसते.

हे बोलताना भांडण व्हायचे कारण नाही. आमचे दुसरे घर घेताना मी यजमानांना एवढेच म्हटले होते, “वही जुळवून टाकू.” ते हसले आणि वकिलांना म्हणाले, “हिचे नाव आधी लिहा.” आता सुनेच्या घरात तिचे नाव आहे आणि लेकीच्या घरात लेकीचे.

या आठवड्यात कपाटातली फाइल काढा, इंडेक्स टू शोधा आणि ‘लिहून घेणार’चा रकाना वाचा. तुमचे नाव असेल तर मृत्युपत्राचे बघा. नसेल तर या लेखातला ८० लाखांचा हिशेब घरी वाचून दाखवा.

जय जिनेंद्र.